मागच्या सीटवर कोण बसतं?

गादीवाल्याला धंद्यातले लोक पाठीमागे 'शंकासुर' म्हणत. हे त्याला ठाऊक होतं, कारण पाठीमागे कोण काय म्हणतं याची बित्तंबातमी काढणं हाच त्याचा खरा उद्योग होता. मोटरसायकलच्या सीटा बांधणं आपलं पोटापुरतं.

अर्थात त्या पोटापुरत्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. लांबच्या प्रवासाला जाणारी माणसं गाडी घेऊन आली की तो आधी त्यांना गाडीवर बसवायचा आणि बुडाखाली बारीक वाळूची पातळ पिशवी सरकवायचा. "आता गप्पा मारा, हलू नका," म्हणायचा. माणूस उठला की वाळूत त्याच्या बसण्याचा ठसा उमटलेला असायचा. हाडं कुठं टेकतात, भार डावीकडे पडतो की उजवीकडे, पुढं घसरायची सवय आहे का, सगळं त्यात दिसायचं. त्या ठशाबरहुकूम तो फोम कापायचा, इथं मऊ, तिथं जरा कडक, मधे खाच. मग हँडल किती जवळ हवं, पाय ठेवायच्या दांड्या किती मागे हव्यात, क्लच किती हलका, मागची स्प्रिंग किती आवळायची, हे सगळं एकेक करून जुळवायचा. त्याच्या हातून गेलेल्या गाडीवर दिवसभर बसलं तरी माणूस संध्याकाळी ताठ उतरतो, असं गिऱ्हाइकं सांगायची. तेवढं ऐकून तो खूश व्हावा ना? नाही. हा आपल्या तोंडावर गोड बोलतोय, म्हणजे बिल कमी करून मागणार, असं त्याच्या मनात यायचं.

घरीही तीच तऱ्हा. बायकोनं न मागता दुसरा चहा पुढं केला की हा कप हातात धरूनच विचारायचा, "काय फुटलं?" ती म्हणायची, "माझं नशीब." गिऱ्हाईक चेनला दुसरंच तेल घालून आलं, तर हा बोट लावून वास घ्यायचा आणि डोळे बारीक करायचा. कुणाकडे जाऊन आला, का गेला, तिथं माझ्याबद्दल काय बोलणं झालं, इथपर्यंत मजल जायची.

एकच माणूस त्याच्या संशयातून सुटला होता, ते म्हणजे भाऊजी.

ताई त्याच्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, शाळेतून हाकलला तेव्हा घरीही आणला. तिचं लग्न झालं तेव्हा हा तिच्याबरोबर तिच्या सासरी राहायला गेला, आणि भाऊजींनी एका शब्दानं कुरकुर केली नाही. भाऊजी सरकारी नोकरीत होते, दुकानदारांचे वजनकाटे तपासायचे. सगळी हयात दुसऱ्याची मापं खोटी आहेत का हे बघण्यात गेली, पण माणसांच्या बाबतीत अगदी भोळे. दुसरं वेड मोटरसायकलचं. सुट्टी मिळाली की एकटेच निघायचे, डोंगर चढून पलीकडे उतरायचे, आठवड्यानं धुळीनं माखून यायचे. ताईला ती गाडी डोळ्यांसमोर नको असायची. तिची आपली स्कूटर, तिचा शिवणाचा वर्ग आणि तिचं घर. गादीवाल्यानं दुकान काढलं तेव्हा शटर वर गेल्यावर आत आलेली पहिली गाडी भाऊजींची होती, आणि बांधलेली पहिली सीटही त्यांचीच.

तर अशा भाऊजींबद्दल त्याच्या मनात पाल चुकचुकली.

सुरुवात साधी होती. निवृत्त झाल्यावर वर्षभरानं भाऊजी गाडी घेऊन आले आणि म्हणाले, "हँडल जरा जवळ घे. खांदे भरून येतात." त्यानं घेतलं. पुढच्या खेपेला म्हणाले, "सीट दोन बोटं खाली कर, पाय पक्के टेकत नाहीत." त्यानं केली. मग क्लच हलका करून झाला. वयानं माणूस आखडतो, यात नवल ते काय? पण सीट खाली करायला म्हणून त्यानं जुनं कव्हर उचकटलं आणि फोम बघून थबकला. भाऊजींचा उजवा गुडघा जुना दुखरा, त्यामुळं ते कायम डावीकडे कलून बसत. इतकी वर्षं त्यांच्या सीटची डावी बाजू बसलेली असायची. या वेळी फोम मधोमध दबला होता, अगदी सरळ.

आता इथंच त्यानं नीट विचार केला असता तर ही गोष्ट घडलीच नसती. पण शंकासुराचं डोकं सरळ वाटेनं जाईल तर शपथ. त्यानं मनाशी ठरवलं की भाऊजी हल्ली पोट आत घेऊन, छाती काढून, ताठ बसतात. आणि या वयात पुरुष ताठ बसतो तो कुणाला तरी दाखवायला.

मग त्याची नजर मागच्या दांड्यांवर गेली. मागे बसणाऱ्यानं पाय ठेवायच्या त्या दांड्या भाऊजींच्या गाडीला कायम मिटलेल्या असायच्या, सांध्यात चिखल सुकून दगड झालेला. आता त्या मोकळ्या फिरत होत्या आणि त्यांचं रबर घासून गुळगुळीत झालं होतं. मागची स्प्रिंगही कुणीतरी आवळली होती, दोन माणसांच्या वजनाला आवळतात तशी. बाजूच्या पेटीत त्याला हातमोज्यांची एक जोडी मिळाली. लहान हाताची. भाऊजींचा पंजा त्यात अर्धासुद्धा शिरला नसता.

त्यानं मोजे होते तसे ठेवले आणि पेटी बंद केली. हे लोकांसारखं नव्हतं. लोकांवर संशय घेताना त्याला मजा यायची, आता मुळीच आली नाही.

त्या संध्याकाळी तो ताईकडे गेला. ती वर्गातल्या मुलींचे कपडे इस्त्री करत बसली होती. इकडचं तिकडचं बोलून त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "ताई, भाऊजींबरोबर तू जातेस का गं कधी गाडीवर?"

"कोण, मी?" ती इस्त्रीवरून मान वर न करता म्हणाली. "त्यांच्या मागे बसू होय? नको रे बाबा. का?"

"काही नाही. आपलं विचारलं."

"तुझं 'आपलं' कधी नुसतं आपलं नसतं. चहा घेणार?"

त्याला चहा उतरेना. ती गुणगुणत इस्त्री फिरवत होती, चेहऱ्यावर तजेला होता, आणि हिला काहीच माहीत नाही बिचारीला, या विचारानं त्याचा जीव तुटत होता. भाऊजी आतल्या खोलीत रेडिओ ऐकत होते. पेपर तसाच घडी घातलेला बाजूला पडला होता. यानं तोही हिशेबात धरला, की पेपरातसुद्धा आता यांचं लक्ष लागत नाही.

पुढच्या खेपेला भाऊजी आले ते गाडी ढकलत. इंजिन बंद, कपाळाला घाम. "नाक्यापासून ढकलत आणली," म्हणाले. "तेवढाच व्यायाम." गादीवाला मनात म्हणाला, व्यायाम कसला, नाक्यावर कुणाला तरी उतरवलं असणार. पाना आणायचं निमित्त करून तो मागच्या दारानं नाक्यावर पळाला. बेकरीच्या पलीकडून एक बाई गल्लीत वळत होती. अंगात जाडजूड जॅकेट, पॅंट, डोक्यावर हेल्मेट तसंच. त्याला नुसती पाठ दिसली, पण चाल झपाझप होती, जणू पकडली जाईल या भीतीची. बहिणीला त्यानं उभ्या जन्मात पॅंटमध्ये बघितलं नव्हतं, तेव्हा तिचा विचार त्याला शिवलासुद्धा नाही.

तो परतला तेव्हा भाऊजी गाडीच्या टाकीवरून हात फिरवत उभे होते. "हे बघ," ते म्हणाले, "मागची सीट जरा मोठी आणि मऊ कर. आणि पाठ टेकायला मागे काहीतरी लाव. उशीसारखं."

"कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे... कुणी बसलंच तर."

"मग माप लागेल. जे कोण बसणार त्यांना घेऊन या. नाहीतर तुम्ही तरी बसा, तुमच्यावरून अंदाज घेतो." त्यानं वाळूची पिशवी मागच्या सीटवर ठेवली.

भाऊजी दोन पावलं मागे सरले. चेहरा लाल झाला होता. "मी कशाला बसू मागे? कर तू अंदाजानं," असं म्हणून ते रिक्षा बघायला रस्त्यावर गेले.

तोंडावर पकडलेला चोरच जणू. गादीवाल्याला आणखी पुरावा नको होता.

ताईला सांगावं तर तिचा संसार मोडेल. भाऊजींना जाब विचारावा तर ज्यांच्या घरचं खाऊन मोठा झालो त्यांच्यापुढं तोंड कसं उघडणार? गप्प बसावं तर ती बया रोज मागे बसून मिरवणार, आणि तेही याच्या हातच्या सीटवर! दोन दिवस तो धुसफुसत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं मागची सीट बांधायला घेतली आणि त्याला जे सुचलं ते फक्त सीट बांधणाऱ्यालाच सुचू शकतं. त्यानं उत्तम फोम कापला, वर मऊ थर दिला, पाठीला उशी लावली, रेक्झिनला दुहेरी शिलाई घातली. आणि माकडहाड टेकतं बरोबर त्या जागी, फोमच्या खाली, जुन्या टायरच्या रबराची एक कडक पट्टी आडवी चिकटवली.

ही पट्टी हाताला लागत नाही. दुकानात बसून बघितलं तर सीट लोण्यासारखी वाटते. पण गाडी गावाबाहेर पडली, दोनचार खड्डे झाले, फोम दबला, की पट्टी हळूहळू वर यायला लागते. तासाभरात कमरेतून कळ निघते आणि उतरल्यावरही जात नाही. गादीवाल्यानं आयुष्यभर लोकांच्या सीटांमधले असले दोष शोधून काढले होते, त्यामुळं तो करायचा कसा हे त्याच्याइतकं कुणाला कळणार! बाई दोन फेऱ्यांत कंटाळेल, गाडीचं नाव काढणार नाही, आणि ताईला काही कळायच्या आत सगळं आपोआप मिटेल, असा त्याचा बेत होता. सीट बसवताना त्याला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं.

भाऊजींनी सीटवर तळहात दाबून बघितला. "वा," म्हणाले. "तुझ्या हाताला तोड नाही लेका."

त्यानं मान खाली घातली आणि चेनला तेल द्यायला बसला.

त्यानंतर बरेच दिवस गाडी आली नाही. गादीवाला खूश होता. बायकोनं दुसरा चहा दिला तरी काय फुटलं विचारत नव्हता, त्यामुळं तिलाच संशय यायला लागला.

मग एके सकाळी ताईचा फोन आला. आवाज बसलेला. "हे गाडी विकतायत," ती म्हणाली. "गिऱ्हाईक तुझ्या दुकानात येणार आहे बघायला. आम्ही येतोच."

विकतायत! त्याला आनंद व्हायला हवा होता. पण ताई रडल्यासारखी का बोलत होती, ते त्याला कळेना. तिला त्या गाडीचा राग होता ना?

गिऱ्हाईक आधीच येऊन बसलं होतं. दाढीवाला, धिप्पाड, जॅकेटच्या खिशात बॅटरी. तेवढ्यात ओळखीचं इंजिन वाजलं आणि गाडी सरळ दुकानाच्या दारात आली. पुढं ती जॅकेटवाली बाई. मागे भाऊजी, उशीला पाठ न लावता, दोन्ही हातांनी बाजूची कडी आवळून धरलेले.

बाईनं स्टँड लावला, हेल्मेट काढलं. ताई होती.

भाऊजी उतरत होते, पण त्यांना पाय वर उचलता येईना. ताईनं त्यांच्या काखेत हात घालून उतरवलं. ते वाकलेलेच उभे राहिले, एक हात कमरेवर.

"आता लपवायचं काय," भाऊजी हसायचा प्रयत्न करत म्हणाले. "डोळे गेले रे माझे. म्हणजे समोरचं दिसतं थोडं, बाजूचं नाही. डॉक्टरनं गाडीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. तुझ्या बहिणीनं मला न विचारता ही गाडी शिकून घेतली. पहाटे मैदानात जाऊन पडत होती, उठत होती. मग म्हणाली, बसा मागे, तुम्ही वाट सांगा, मी चालवते." त्यांनी सीटचा आधार घेतला. "मागे बसलेलं कुणी बघू नये असं वाटायचं मला. म्हणून नाक्यावर हिला उतरवायचो आणि ढकलत आणायचो. लाज वाटायची. खोटं कशाला बोलू?"

"मग... विकताय कशाला?" गादीवाल्यानं विचारलं.

"कंबर," ताई म्हणाली. "डोळ्यांचं सोसलं त्यांनी. डोंगरातला वारा तोंडावर येतो, वास येतात, तेवढं बास म्हणायचे. पण गेल्या महिन्यापासून तासभर बसवत नाही. काल तर रस्त्यात उतरून फुटपाथवर आडवे झाले. हाडांच्या डॉक्टरला दाखवलं. तो म्हणतो, फोटोत काही दिसत नाही, पण दुखतंय तर बसू नका."

"शरीरानं नोटीस दिली," भाऊजी म्हणाले. "आधी डोळ्यांनी, आता कमरेनं. संपलं."

दाढीवाला गाडीभोवती बॅटरी मारत फिरला, वाकून साखळी बघितली, मागच्या सीटवर थाप मारली आणि विचारलं, "गाडीत काही खोट?"

"यालाच विचारा," भाऊजी म्हणाले. "पहिल्यापासून हाच बघतो. मेहुणा आहे म्हणून लपवणार नाही."

गप्प बसणं किती सोपं होतं! गाडी गेली असती, दाढीवाल्याला मागे कुणाला बसवायचंच नसेल तर पट्टी कुणाला सापडलीही नसती. भाऊजींची कंबर आठपंधरा दिवसांत आपोआप बरी झाली असती आणि ते वयाला दोष देत घरी रेडिओ ऐकत बसले असते. गादीवाल्याला हे सगळं एका क्षणात दिसलं, आणि त्याला स्वतःची अशी काही शिसारी आली की हातातला पाना खाली पडला.

"खोट आहे," तो म्हणाला. "गाडी विकू नका भाऊजी. कमरेला काही झालेलं नाही तुमच्या. मी केलंय ते."

त्यानं सगळ्यांसमोर मागची सीट काढली, उलटी केली, पिना उपटल्या, कव्हर सोललं आणि फोम वर उचलून पट्टी दाखवली. ती उचकटून हातात घेतली. मग त्यानं सांगितलं. दांड्या, मोजे, नाक्यावरची बाई, सगळं. सांगताना तो जमिनीकडे बघत होता.

दाढीवाल्यानं बॅटरी खिशात घातली आणि "मी नंतर येतो," असं पुटपुटत सटकला.

भाऊजींनी पट्टी मागून घेतली. डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, बोटांनी चाचपली. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "माझी कंबर ठीक आहे?"

"हो."

"नक्की? या पट्टीचंच दुखणं हे?"

"हो भाऊजी. दुसरं काही नाही."

"पुन्हा सांग."

त्यानं पुन्हा सांगितलं. भाऊजी हसायला लागले. आधी बारीक, मग खदाखदा, मग कंबर धरून. बाहेरख्यालीपणाचा आळ आला होता माणसावर, पण त्याचं त्यांना काहीच नव्हतं. "अगं ऐकलंस का," ते ताईला म्हणाले, "ठीक आहे म्हणे! आण रे ती वाळूची पिशवी. घे माप. भर रस्त्यात बसतो, बघू दे कुणाला बघायचं ते."

आणि खरंच, ते दुकानाच्या दारात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, पट्टीविना परत ठेवलेल्या मागच्या सीटवर चढून बसले आणि बघणाऱ्यांना हात करायला लागले.

ताई मात्र हसली नाही. ती गादीवाल्याजवळ आली. "त्यांच्यावर संशय घेतलास," ती हळू आवाजात म्हणाली, "तो तुझा स्वभावच आहे. पण मला विचारलं का नाहीस?"

"तुला त्रास नको म्हणून, ताई."

"मागे खरंच कुणी बाई असती तर? तिचं हाड मोडलं असतं तर?"

तो खाली पडलेला पाना उचलायला वाकला.

"लहानपणापासून तुझ्या सगळ्या खोड्या निस्तरल्या मी," ती म्हणाली. "पण तू कुणाला दुखवायला बसून, शिवून, टाके घालून असं काही करशील, हे मला कधी वाटलं नव्हतं."

त्यानं त्याच दिवशी दुसरी सीट बांधली. वाळूतला ठसा डावीकडे कललेला होता, भाऊजींचा नेहमीचा. आयुष्यात त्यानं यापेक्षा चांगली सीट बांधली नाही. भाऊजी त्यावर बसून डोंगरापलीकडे जाऊन आले, आणि आल्यावर त्याला मिठी मारून म्हणाले, की आता वाट सांगायची सोडून मी झोपतो मागे आणि ही ओरडते. त्यांच्या मनात काही उरलं नव्हतं.

गाडी अजूनही त्याच्याकडेच येते. तेल, साखळी, केबल, सगळं तोच बघतो. ताई येते, स्टूलवर बसते, विचारपूस करते, त्याच्या बायकोसाठी शिवलेलं काहीबाही देते. काम झालं की भाऊजी मागे चढायला पुढं होतात, तेव्हा ती त्यांना हातानं थांबवते. हातमोजा काढते, मागच्या सीटवर तळहात ठेवते आणि अंगाचा सगळा भार देऊन दाबते. एकदा मधे, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग सीटच्या खालून बोटं फिरवते. ती हे त्याच्यासमोरच करते, लपवत नाही.

गादीवाला तेवढ्या वेळात पाने पुसत उभा असतो. तिचं बघून झालं की ती भाऊजींना म्हणते, "हं, बसा आता."